बिनतारीचा जमाखर्च

आमच्या सावनेरच्या घरात बिनतारी यंत्र प्रथम आले ते परवान्यानिशी. वडिलांच्या रेडिओचे ते लहानसे पुस्तक अद्याप लोखंडी पेटीत आहे; दरसाल टपाल कचेरीत पैसे भरून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागे, आणि मुदत टळली तर वडील घरातल्या घरात आवाज बारीक करीत. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांचा अंमल असा कोळशाच्या खाणी आणि संत्र्यांच्या बागा यांच्यामध्ये वसलेल्या आमच्या गावापर्यंत बिनबोभाट पोचलेला होता. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले होते. पण आपल्या अंगणावरून आपणहून जाणारा आवाज ऐकण्यासही सरकारची अनुज्ञा लागते, याचे तेव्हा कोणास नवल वाटत नसे. (महाराष्ट्राला सावनेर ठाऊक आहे ते राम गणेश गडकरी यांनी १९१९ साली येथे देह ठेवला म्हणून, भारतात नियमित नभोवाणी सुरू व्हायला तेव्हा आठ वर्षांचा अवकाश होता.)

ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. आणि २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही सरकारने परवान्यावाचून मोकळा केला. म्हणजे घरातल्या घरात आपलेच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र चालविण्याची मुभा आम्हांस मिळाली. प्रक्षेपणास योग्य असा ऐवजही घरात होता: बहिणीच्या लग्नाची १९९१ सालची व्हीएचएस टेप, नागपुरातून संगणकावर उतरवून आणलेली; वडिलांच्या आवडीची नाट्यगीते; आणि पुतण्याने जमविलेले चित्रपट. संगणक आणि राऊटर ओसरीवर, दूरदर्शन संच माजघरात, आणि मध्ये आजोबांच्या काळातली दीड हात रुंदीची मातीची भिंत.

राऊटरच्या खोक्यावर ‘५४ मेगाबिट’ असा मोठ्या अक्षरांतला दाखला होता. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही हाती येणे कठीण, कारण यंत्रांचे परस्परांतले पोचपावतीचे बोलणेही त्यातूनच वजा होते. पण लग्नाच्या चित्रणास फार तर दहा मेगाबिट पुरतात, तेव्हा एवढी घट आम्ही मुकाट्याने सोसली. खरी अडचण निराळीच निघाली. २००३ साली सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी एकत्र येऊन पुढे ‘डीएलएनए’ म्हणून ओळखला गेलेला संघ स्थापिला होता, आणि त्याची मोहोर असलेली यंत्रे एकमेकांस ओळखीत हे खरे. परंतु ओळख पटली म्हणजे भाषा कळलीच असे नाही. संगणकावरच्या फायलींची यादी संचावर दिसे आणि त्यांतली निम्मी उघडत नसे. सोयरीक जुळून बोलणी मोडावीत, तसा हा प्रकार होता.

मग दूरदर्शन संचाला जोडायच्या कांड्यांचे युग आले. गुगलचे क्रोमकास्ट २०१३ साली अमेरिकेत आणि २०१४ च्या डिसेंबरात आपल्याकडे विक्रीस आले; त्या जातीची एक कांडी आम्हीही आणली. तिचा स्वभाव समजण्यास मला बराच काळ लागला. फोन केवळ हुकूम देतो, माल ती स्वतःच इंटरनेटवरून उचलून आणते. आणि घरचाच ऐवज दाखवायचा तर संगणकावर एखादा सेवक, म्हणजे प्लेक्ससारखा कार्यक्रम, राबता ठेवावा लागतो. तोही ठेवला. फाल्गुनात सारे सुरळीत चालले. चैत्राच्या अखेरीस मात्र चित्र अडखळू लागले, आणि वैशाखात लग्नातला अंतरपाट धरलेला राहिला तो राहिलाच. पुतण्याने कांडी बदलून आणली, चॅनेल बदलले, शेजाऱ्यांच्या राऊटरांवर संशय घेतला; २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, त्यामुळे तो संशय अगदीच निराधार नव्हता.

उत्तर माझ्या डोळ्यांसमोर घुं घुं करीत उभे होते. मातीच्या भिंतीतून तरंग कधीच धड जात नव्हते. ते जात होते ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या खिडकीतून, आणि विदर्भातल्या रीतीप्रमाणे त्याच खिडकीत आम्ही कूलर बसविला होता. पत्रा तरंगांना परतवितो आणि पाणी त्यांना गिळते. पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी आणि ओल्या ताट्या असा त्रिविध बंदोबस्त एखाद्या किल्लेदारासही सुचला नसता. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा हिस्सा २०१८ साली मोकळा झाला तेव्हा पुतण्याने त्या राऊटरचा आग्रह धरला. पण त्या पट्ट्यात वेग अधिक मिळत असला तरी त्याचे तरंग भिंतीपुढे अधिकच हळवे, म्हणून मी ती तजवीज नामंजूर केली.

एव्हाना २०१६ च्या सप्टेंबरात आलेल्या जिओच्या इंटरनेटने चित्रपटांचा संग्रह निरुपयोगी करून टाकला होता. उरले ते जगात अन्यत्र कोठेही न मिळणारे लग्न. शेवटचे यंत्र मी त्याच्यासाठी निवडले, आणि दुकानात वेगाचा आकडा न विचारता दोनच प्रश्न केले: आमच्या फायली हे वाचते काय, आणि याला तारेचे भोक आहे काय. दुकानदाराने माझ्याकडे करुणेने पाहिले.

तार ओढण्यास आलेल्या मिस्त्रीने कूलरच्या वायरीसाठी पाडलेल्या छिद्रातूनच ती आत घेतली, खोके उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “काऊन जी, हे तर बिनतारी हाय नं? मंग तार कायले?” मी कूलर सुरू केला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि मांडवाच्या कडेला उभे असलेले वडील कोणाला तरी आवाज बारीक करण्यास सांगत होते.