वारशातील बाटली आणि वारसांचा हिशेब

माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी वडिलांच्या पश्चात कपाट आवरताना जुन्या व्हिस्कीची न उघडलेली बाटली हाती लागली, तर भावाभावांत दोन पक्ष पडणे स्वाभाविक आहे. थोरला म्हणेल, विकून पैसा करावा. धाकटा म्हणेल, वडिलांच्या आठवणीने प्यावी. आईचे मत बहुधा तिसरेच असेल. प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु उपयोगिता-मूल्य व विनिमय-मूल्य यांचा अर्थशास्त्रातील जुना वाद त्यात दडलेला आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात, काचेच्या बाटलीत नव्हे. बारा वर्षे मुरवून भरलेली व्हिस्की कपाटात आणखी चाळीस वर्षे राहिली, तरी ती बारा वर्षांचीच राहते. उलट बूच सुकले की आतील द्रव्य हळूहळू उडू लागते. म्हणजे ठेवल्याने गुण वाढत नाही. वाढलीच तर दुर्मिळतेमुळे किंमत वाढते. १९२६ साली गाळलेल्या व १९८६ साली बाटलीत भरलेल्या मॅकॅलन व्हिस्कीला २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २१ लाख ८७ हजार पौंड मिळाले. तथापि अशा बाटल्या अवघ्या चाळीस होत्या. ऊस पिकविणाऱ्या या तालुक्याला मळीपासून होणारा मद्यार्क अपरिचित नाही. आपल्याकडील पुष्कळशा व्हिस्कीत तोच असतो. तशा बाटलीला केवळ जुनी म्हणून संग्राहक मिळेल, ही आशा फोल होय.

दुसरी अडचण कायद्याची. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची चौकट महाराष्ट्रात आजही आहे. अनुज्ञप्तीवाचून मद्य विकणे हा गुन्हा आहे. पिण्यासही परवाना लागतो. तेव्हा लंडनचा भाव माळशिरसच्या वारसाच्या हाती येत नाही. ज्या भावाने विकता येत नाही, तो भाव संपत्ती म्हणून धरणे हा हिशेबातील दोष आहे.

मग बाटली फुटत का नाही? १९८० साली रिचर्ड थेलर यांनी एका मद्यशौकिनाचे उदाहरण दिले. पाच डॉलरला घेतलेल्या बाटलीला शंभर डॉलर मिळत असूनही तो ती विकेना. पण स्वतः मात्र पस्तीस डॉलरहून अधिक कधी देत नसे. जे आपले, ते अधिक मोलाचे वाटते. त्यात ते वडिलांचे असेल तर विचारावयासच नको.

म्हणून वारसांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही बाटली आज बाजारात असती, तर आपण ती विकत घेतली असती काय? उत्तर होकारार्थी असेल, तर रीतसर परवाना काढून भावंडांनी एकत्र बसून ती संपवावी. नकारार्थी असेल, तर मोरीत ओतून रिकामी बाटली आठवण म्हणून ठेवावी. न पिता, न विकता ती पुढच्या पिढीच्या कपाटात सरकविणे म्हणजे जपणूक नव्हे. तो निर्णय टाळणे होय, आणि टाळलेल्या निर्णयाचा वारसा मुलांना देऊ नये.