मोटारीची बॅटरी बदलताना

पहाटे सहकुटुंब प्रवासाला निघावे आणि किल्ली फिरवताच केवळ ‘कट् कट्’ असा क्षीण आवाज यावा, हा प्रसंग अनेक घरांना परिचित आहे. अशा वेळी मिळेल ती बॅटरी घाईने बसवली जाते आणि ती घाई पुढे महागात पडते.

दोष बॅटरीचाच आहे का, हे प्रथम तपासावे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, इंजिन काही तास बंद असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू होताच हा आकडा साधारण १४ पर्यंत चढावा. तो चढत नसेल तर दोष अल्टरनेटरकडे असू शकतो. मग नवी बॅटरीही लवकरच उतरेल.

मोटारीच्या माहितीपुस्तिकेतील अँपिअर-अवर क्षमता, आकार आणि धन टोकाची बाजू जुळवून घ्यावी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या मोटारीस ईएफबी वा एजीएम प्रकारच लागतो. साधी बॅटरी तेथे लवकर थकते. निर्मितीचा महिनाही पाहावा, कारण दुकानात पडून राहूनही बॅटरी क्षीण होते.

जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच सोपवावी. २०२२ च्या नियमांनुसार तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. चार रुपये अधिक मिळतात म्हणून ती उघड्या भट्टीत वितळली गेली, तर शिशाच्या त्या विषारी धुराची किंमत शेजारची लहान मुले मोजतात.