उथळ पाण्यासाठी हलकी अंब्रेला रिग: आधी खोली, मग वेग, मग वजन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत, थोडे राहिलेत. चालवून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. ते अमेरिकेत दक्षिणेकडे राहतात. घराजवळच्या तलावावर फेब्रुवारी-मार्चमध्ये काठावरूनच बास पकडायला जातात. पाणी जेमतेम ३ ते ५ फूट. त्यांचा प्रश्न असा: “दुकानात अंब्रेला रिगचे वीस प्रकार टांगलेत. प्रत्येकावर ‘लाइट’ लिहिलंय. घेऊ कुठली?”

उत्तर एका ओळीत सांगतो. पाकिटावरचा ‘लाइट’ शब्द विसरा. सगळं जोडून झाल्यावरचं एकूण वजन बघा, आणि ते तुमच्या पाण्याच्या खोलीवरून ठरवा. आता हे सविस्तर.

आधी थोडी ओळख

बास म्हणजे इथे लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आपला जिताडा इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणवतो, पण त्याचं आणि याचं घराणं वेगळं.

अंब्रेला रिग म्हणजे कापड काढून टाकलेली छत्री. पुढे एक छोटं डोकं, त्यातून मागे पसरलेल्या तीन किंवा पाच तारा. प्रत्येक तारेच्या टोकाला जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, आणि त्यावर शेपटी हलवणारा रबरी मासा, म्हणजे स्विमबेट. पाण्यातून ओढलं की छोट्या माशांचा थवा चाललाय असं वाटतं. दक्षिणेकडच्या तलावांत बासचं मुख्य खाणं म्हणजे शॅड नावाचे मासे, आणि ते थव्यानेच फिरतात. त्यामुळे ही नक्कल चालते.

समुद्रात बोटीमागे ओढायच्या अशा रिग्ज जुन्याच आहेत. हाताने फेकता येईल अशी ‘अलाबामा रिग’ बनवली अलाबामातल्या मसल शोल्सच्या अँडी पॉस यांनी. ऑक्टोबर २०११ मध्ये पॉल इलायस यांनी गंटर्सव्हिल तलावावरची मोठी स्पर्धा तिच्यावर जिंकली, चार दिवसांत १०२ पौंड ८ औंस मासे! मग सगळ्यांनाच ती हवी झाली. इतकी, की २०१२ पासून बासमास्टरच्या एलिट मालिकेत तिच्यावर बंदी आली.

वजनाचा हिशोब

मूळ रिग जड असते. उदाहरण म्हणून धरूया: सांगाडा १४ ग्रॅम, पाव औंसाचे पाच जिगहेड म्हणजे ३५ ग्रॅम, चार इंची पाच रबरी मासे प्रत्येकी ७ ग्रॅम, म्हणजे आणखी ३५. एकूण ८४ ग्रॅम, जवळजवळ ३ औंस.

आता हलकी जुळणी. बारीक तारेचा सांगाडा १० ग्रॅम, १/१६ औंसाचे पाच जिगहेड मिळून ९ ग्रॅम, पावणेतीन इंचाच्या आसपासचे पाच मासे प्रत्येकी ३ ग्रॅम, म्हणजे १५. एकूण ३४ ग्रॅम, साधारण सव्वा औंस.

बघा, सांगाड्यात फक्त ४ ग्रॅम वाचले. खरा फरक पडला जिगहेड आणि रबरात. म्हणून ‘लाइट’ लिहिलेला सांगाडा आणून त्यावर पाव औंसाची डोकी लावली, तर ती रिग हलकी नाहीच. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि सगळं जोडून तोला. मग तुमच्या काठीवर छापलेली वजनमर्यादा बघा. कमाल १ औंस लिहिलं असेल तर ही सव्वा औंसाची जुळणीही जास्त आहे. तीन तारांची रिग घ्या. तीच डोकी आणि तेच मासे लावले तर ती २५ ग्रॅमच्या आत बसवता येते. ३ औंसांसाठी मात्र वेगळी, दणकट काठी लागते, आणि हा खर्च पाकिटावर लिहिलेला नसतो.

उथळ पाण्यात हलकी का?

कारण वेग. समजा पाणी ४ फूट आहे आणि तळापासून दीड फूट गवत उगवलंय. रिग गवताच्या वरून, पृष्ठभागाखाली फूट-दोन फुटांवर चालायला हवी. जड रिग तिथे ठेवायची तर रीळ भराभर फिरवावं लागतं. पण पाणी असतं ४५ ते ५५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ७ ते १३ सेल्सिअस. अशा थंडीत बास सुस्त असतो, लांबवर पाठलाग करत नाही. त्याला हळू जाणारा थवा हवा. जड रिग हळू ओढली की खाली जाते आणि गवताची जुडी घेऊन परत येते. हलकी रिग हळू ओढूनही वर राहते. हलकेपणाचा खरा फायदा हाच आहे, हात कमी दुखतो हा बोनस.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी खोली, मग हवा तो सर्वात कमी वेग, आणि शेवटी वजन.

तपासणी सोपी आहे. काठालगत तळ दिसतो तिथे रिग सोडा आणि सेकंद मोजा. ४ फूट जायला दोन सेकंद लागले, तर वेग सेकंदाला २ फूट. मग तुमच्या आवडत्या संथ वेगाने ओढून बघा. तळाला लागते? जिगहेड एक पायरी हलके करा. पृष्ठभाग फाडून वर येते? एक पायरी जड करा. आणि आमच्या धंद्यातला नियम इथेही लागू: एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

वजन न बदलताही खोली थोडी हलवता येते. काठीचं टोक वर धरलं की रिग वर चालते. विणलेली ब्रेडेड दोरी तरंगते, फ्लुरोकार्बन बुडते, म्हणून अगदी उथळ पाण्यात ब्रेड बरी. तारांवर चमकणारी छोटी पाती असतील तर ती पाण्याला अडवतात आणि रिग वर उचलतात. गढूळ पाण्यात पाती हवीत. स्वच्छ, शांत पाण्यात मी ती काढतो.

तीन तारा की पाच?

काठावरून, गवतात किंवा लाकडांच्या आसपास फेकणार असाल तर तीन. कमी अडकते, स्वस्त पडते, नेहमीच्या काठीवर चालते. मोकळं पाणी, दगडी बांध किंवा थोडा गढूळपणा असेल तर बारीक पाच तारांची, कारण थवा मोठा दिसतो.

पण पाच तारा म्हणजे पाच गळ असं नाही. मंडळी, इथे कान टवकारून ऐका. नियम राज्यागणिक बदलतात. टेनेसीत अशा रिगवर तीनच गळ चालतात, बाकीचे मासे बिनगळाचे. परवान्याचे पैसे भरून गळांच्या संख्येपायी दंड बसला तर सकाळ वाया. आणि इथे व्हिसावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सरकारी कागदावर नाव नकोच असतं. म्हणून जाण्याआधी त्या राज्याच्या वन्यजीव विभागाचं चालू वर्षाचं नियमपत्रक वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

माझी उथळ पाण्यातली मांडणी: खालच्या दोन तारांना गळ पक्कडने कापलेले जिगहेड, वरच्या दोन आणि मधल्या तारेला गळ. खालचे गवताला घासतात, पण गळ नसल्यामुळे अडकत नाहीत. खालचे किंचित जड ठेवा, म्हणजे रिग गोल फिरत नाही. मधला मासा थोडा मोठा किंवा वेगळ्या रंगाचा लावा. तो थव्यामागे पडलेला भिडू दिसतो आणि बहुतेक झटका त्यालाच बसतो.

गळ कमी असण्याचं आणखी एक कारण आहे. एका गळावर तोंडात लागलेल्या माशाच्या डोळ्यात किंवा कल्ल्यात दुसरा गळ घुसू शकतो. सोडून द्यायचा असेल तर तो जगायला हवा. गळांचे काटे पक्कडने दाबून टाका. तुमच्या बोटात घुसला तरी सहज निघेल. मुलं सोबत असतील तर फेकताना मागे कुणी नाही हे आधी बघा.

फेकताना

झटका देऊ नका, झोपाळ्यासारखा हलका झोका द्या. रिग पाण्याला टेकण्याआधी अंगठ्याने रीळ दाबा आणि काठी किंचित वर घ्या. तीन फूट पाण्यात दगड पडल्यासारखा आवाज झाला तर तिथला बास निघून जातो. पडताक्षणी ओढायला लागा.

तारा वाकड्या झाल्या तर सरळ करा, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तुटते. तुटायला आलेली रिग काठावर फेकून येऊ नका. तारा आणि गळ बगळ्यांच्या नि कासवांच्या पायात अडकतात. घरी आणा, जिगहेड काढून घ्या, बाकी कचऱ्यात.

तर प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना थेट उत्तर: ३ ते ५ फूट पाणी, काठावरून, म्हणजे तीन तारांची रिग, १/१६ किंवा १/८ औंसाची डोकी, तीन इंचाच्या आतले मासे. राज्याने परवानगी दिली तरच पाच. दुकानात जाताना काठीवरची वजनमर्यादा मोबाइलमध्ये फोटो काढून न्या.

तुमच्या तळ्याची खोली आणि काट्यावर आलेलं वजन मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, दोरी ताणलेली ठेवा!