व्यवस्थापन प्रवेश परीक्षा : पुस्तकांची निवड

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. २०१५ मध्ये नागपूरला भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाली. उच्च शिक्षण जवळ आले. तथापि, व्यवस्थापन प्रवेश परीक्षेची तयारी भामरागड-सिरोंच्याच्या पदवीधरास बहुधा पुस्तकांच्या आधारेच करावी लागते. अयोग्य पुस्तकावर पैसा व वेळ दवडणे त्याला परवडणारे नाही.

पुस्तक घेण्यापूर्वी परीक्षेचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. २०२५ च्या राज्य सामायिक प्रवेश परीक्षेत अडीच तासांत २०० प्रश्न होते : तर्कशक्तीचे १००, गणिताचे ५० व इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नव्हते. 'कॅट' परीक्षेत मात्र बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास गुण कापले जातात. साहजिकच एका परीक्षेचे पुस्तक दुसरीला पुरेसे ठरत नाही.

तर्कशक्तीसाठी उत्तरांची रीत उलगडून सांगणारे एकच पुस्तक घ्यावे व ते पूर्ण सोडवावे. गणितासाठी बालभारतीची आठवी ते दहावीची पुस्तके उत्तम होत. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. चक्रवाढ व्याज किंवा गुणोत्तर मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. अडते ते इंग्रजी संज्ञेपाशी. दोन्ही माध्यमांची पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यास ही अडचण दूर होते. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

शिक्षकांनी ही निवड समजावून द्यावी आणि ग्रामपंचायतींनी गावच्या वाचनालयात असा एक संच ठेवावा. अल्प खर्चात अनेकांची वाट त्यामुळे सुकर होईल.