कुठल्या तारखेचं? कितवा टेक?

एखाद्या मुरलेल्या जॅझवेड्याला ‘एम्ब्रेसेबल यू’ जरूर ऐका, असं सांगून बघा. तो लगेच मान डोलावणार नाही. उलट विचारेल, ‘कुणाचं? कुठल्या सालचं? कितवा टेक?’ हा आगाऊपणा नव्हे. जॉर्ज गर्श्विनची ही चाल १९३० च्या ‘गर्ल क्रेझी’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकातली. तेव्हापासून ती असंख्य वादकांनी वाजवली आणि प्रत्येकानं तिच्यातून आपलं काहीतरी काढलं. खयालाच्या रसिकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘यमन ऐका’ ही काही शिफारस झाली नाही. कुणाचा आणि कुठल्या मैफलीतला, हे कळल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

म्हणून जॅझच्या कानसेनांमध्ये रेकॉर्डची देवघेव आणि मतांची देवघेव सुरू होते ती रेकॉर्डच्या पत्त्यापासून. हा पत्ता कसा वाचायचा, ते एका उदाहरणावरून बघू.

२८ ऑक्टोबर १९४७. न्यूयॉर्क. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं पाच जणांचं पथक ‘डायल’ या छोट्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करत होतं. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. गाणं तेवढ्यात बसवायचं, नाही जमलं तर पुन्हा वाजवायचं. अशी प्रत्येक खेप म्हणजे एक ‘टेक’. सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यात सगळ्यात बरा टेक बाजारात जाई आणि बाकीचे कपाटात पडत. जॅझमध्ये वादक आयत्या वेळी रचत असतो, त्यामुळे दुसरा टेक म्हणजे पहिल्याची सुधारलेली प्रत नसते. ती निराळीच रचना असते. डायलचे मालक रॉस रसेल यांना हे उमगलं होतं आणि त्यांनी उरलेले टेकही पुढे विक्रीला काढले. श्रोत्यांवर हे मोठेच उपकार झाले.

त्या दिवशीचे ‘एम्ब्रेसेबल यू’चे दोन्ही टेक लागोपाठ ऐका. पियानोवर ड्यूक जॉर्डन छोटीशी प्रस्तावना करतो आणि पार्कर आत येतो. ‘ए’ टेकमध्ये तो गर्श्विनची चाल जवळजवळ वाजवतच नाही. सहा सुरांचा एक साधा तुकडा उचलतो, तोच पुन्हा म्हणतो, जरा सरकवून पुन्हा म्हणतो आणि मग त्यातूनच लांबलचक वाक्यं फुटत जातात. मूळ गाण्याची आठवण राहते ती फक्त खालच्या स्वरमेळांत. ‘बी’ टेकमध्ये स्वरमेळ तेच, साथीदार तेच, स्टुडिओही तोच. आणि सुरुवातीपासून रस्ता वेगळा. समीक्षक मार्टिन विल्यम्स यांनी १९७३ मध्ये स्मिथसोनियन संस्थेसाठी जॅझचा संग्रह निवडला, तेव्हा हे दोन्ही टेक त्यात घेतले. माझं मत ‘ए’च्या बाजूनं आहे. ‘बी’चे भक्तही भेटतात, आणि त्यांच्याशी भांडता येतं ते दोघांनाही नेमकं काय ऐकलं हे ठाऊक असतं म्हणून.

आता हा पत्ता रेकॉर्डच्या सूचीत, म्हणजे डिस्कोग्राफीत, कसा लिहिलेला असतो? आधी पथकाचं नाव. मग वादक आणि वाद्यं: माइल्स डेव्हिस ट्रंपेट, पार्कर ऑल्टो सॅक्सोफोन, जॉर्डन पियानो, टॉमी पॉटर बेस, मॅक्स रोच ड्रम्स. मग गाव आणि तारीख. मग डी ११०६ हा मॅट्रिक्स क्रमांक, त्याच्यापुढे ए किंवा बी, आणि शेवटी गाण्याचं नाव. हा क्रमांक लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला सापडतो. त्या दिवसाचे क्रमांक ११०१ पासून सुरू झाले, म्हणजे ही सत्रातली सहावी चीज, हेही त्यावरून कळतं.

ही पद्धत रुळवली ती शार्ल दलोने या फ्रेंच जॅझप्रेमीनं. त्याची ‘हॉट डिस्कोग्राफी’ १९३६ मध्ये पॅरिसमध्ये निघाली. तोवर लेबलावर बहुधा पथकाचं नाव असे, ट्रंपेट कोण वाजवतोय याचा पत्ता नसे. वादकांना विचारून आणि कान लावून ही नावं गोळा करावी लागली. न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणारे मिल्ट गेब्लर यांनी जुन्या तबकड्या पुन्हा काढताना वादकांची नावं लेबलावरच छापायला सुरुवात केली. तरी फसवाफसवी संपली नाही. १९५३ च्या टोरांटोतल्या मॅसी हॉलच्या रेकॉर्डवर सॅक्सोफोनपुढे ‘चार्ली चॅन’ असं नाव आहे. तो पार्करच, कराराच्या अडचणीमुळे खरं नाव छापता येत नव्हतं.

पत्ता हाती आला, आता मत. इथे मात्र पत्ता लपवायचा. लेनर्ड फेदर यांनी १९४६ मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ सुरू केली. पुढे ती ‘डाउनबीट’मध्ये गेली. नामांकित वादकाला नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवायची आणि पाचांपैकी किती तारे, ते विचारायचं. ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज यांचा दावा होता की वादक गोरा की काळा हे आपण नुसतं ऐकून ओळखू. १९५१ मध्ये फेदर यांनी पैज लावली आणि एल्ड्रिज हरले.

चार मित्रांत हा खेळ सहज जमतो. रेकॉर्ड लावणाऱ्यानं कव्हर झाकावं आणि चेहरा कोरा ठेवावा. त्याच्या ओठांवरच्या हसण्यानं निम्मी उत्तरं फुटतात. बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग आधी काय ऐकलं ते सांगायचं, त्यानंतर कोण असेल याचा अंदाज, आणि तारे सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. माइल्सचं नाव एकदा कानावर पडलं की त्याला तीन तारे द्यायची हिंमत फार थोड्यांत उरते.

रेकॉर्ड कुठल्या आवृत्तीची, हाही मुद्दा निघतो, आणि तो दरवेळी चोखंदळपणाचा नखरा नसतो. माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं पहिलं सत्र २ मार्च १९५९ चं. त्या दिवशी टेपचं मुख्य यंत्र किंचित सावकाश फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर जराशी चढ्या सुरात उतरली. दुरुस्ती झाली १९९२ मध्ये. जुन्या रेकॉर्डबरोबर पियानो जुळवायला बसणाऱ्यांना वाटायचं, आपलाच पियानो उतरलाय.

मुंबईत ही सगळी देवघेव टंचाईत चालली. ताजमध्ये १९३५ मध्येच लिऑन ॲबी यांचं आफ्रिकन-अमेरिकन पथक वाजवून गेलं होतं आणि गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलंसं केलं होतं, पण आयातीच्या निर्बंधांमुळे पुढे परदेशी एलपी मिळणं मुश्किल झालं. काळा घोड्याच्या ‘रिदम हाऊस’मध्ये ऐकून बघायला कक्ष होते, ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. घरी बसून ऐकायचं तर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हर होते. १९५५ पासून ते लघुलहरींवर, संथ आणि सुस्पष्ट इंग्रजीत, जॅझ ऐकवत होते. निरंजन झवेरी यांनी १९५२ मध्ये ‘ब्लू रिदम’ हे मासिक काढलं आणि १९७८ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला.

आवडीच्या टोकाचा नमुना मात्र अमेरिकेतलाच. डीन बेनेदेत्ती हा स्वतः सॅक्सोफोनवादक. १९४७-४८ मध्ये तो मुद्रणयंत्र घेऊन पार्करच्या मागे क्लबांतून फिरला. पार्कर वाजवू लागला की यंत्र चालू, थांबला की बंद. बाकीच्यांच्या वाट्याला जवळपास काहीच नाही. हे मुद्रण अनेक वर्षं दंतकथा होऊन राहिलं आणि १९९० मध्ये ‘मोझेक’ कंपनीनं ते सात सीडींत काढलं. सॅक्सोफोन शिकणाऱ्यांना त्यात खजिना सापडतो. मला त्यात राग येतो तो मॅक्स रोचसाठी. तो मागे काय करत होता, हे ऐकू येईस्तोवर तुकडा तुटतो. नव्या श्रोत्याला यातून सुरुवात करायला कुणी सांगू नये. आवाज खरखरीत आहे, आणि पियानोवर कोण बसलंय हे ओळखायलाही वेळ मिळत नाही.