ईदी, फितरा आणि घरचा हिशेब

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की मुस्लिम घरांत दोन हिशेब मांडले जातात. एक जकातचा, दुसरा फितऱ्याचा. मुलांचा हिशेब तिसराच असतो : यंदा ईदी किती जमणार? दिवाळीच्या ओवाळणीवर डोळा ठेवणारी मुले ज्या घरात आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मुलांना पैशाची किंमत कळावी, तर या तीन हिशेबांची गाठ घालून द्यायला हवी.

ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची बचत चांद्रवर्षभर आहे, त्याने चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा, ही जकात. राहते घर, वापरातले कपडे यांत धरत नाहीत. म्हणजे आधी घरात काय आहे आणि कोणाचे देणे आहे, ते कागदावर उतरवावे लागते. नेमका हाच कागद आपण मुलांपासून लपवतो. दहावीतल्या मुलाला शेजारी बसवून बेरीज करायला सांगा. शेकडेवारी त्याला येते. अब्बांच्या पगारातून कर्जाचा हप्ता किती जातो, हे मात्र ठाऊक नसते. ते कळल्यावर महागड्या मोबाइलचा हट्ट कदाचित आपोआप उतरेल.

फितरा घरातल्या प्रत्येकामागे, तान्ह्या बाळाच्या नावेही, ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो. गरिबाच्या घरीही त्या दिवशी ईद व्हावी म्हणून. आपल्याकडे बहुतेक जण माणशी पावणेदोन किलो गव्हाची किंमत धरतात. पण साडेतीन किलो जव, खजूर किंवा मनुका यांच्या किमतीनेही तो देता येतो. मुलांना बाजारात नेऊन हे भाव विचारायला लावा. मग घरी प्रश्न येईलच : रिक्षावालाही गव्हाचा फितरा देतो आणि बंगलेवालाही गव्हाचाच, मग आपली ऐपत गव्हाची की मनुकांची? याचे उत्तर मुलांपेक्षा मोठ्यांनाच जड जाते.

देताना आणखी एक धडा द्यावा. 'ही जकात आहे' असे घेणाऱ्याला सांगणेही बंधनकारक नाही. मग मुलाच्या हातात पाकीट देऊन फोटो कशाला काढायचा? घेणारा कदाचित त्याच्याच वर्गातल्या मित्राचा बाप असेल.

आणि ईदी? 'माझ्याकडे ठेवते' म्हणून अम्मीने ती कपाटात टाकली, की मूल पैशाबद्दल काहीच शिकत नाही. थोडी खर्चाला, थोडी बचतीला, थोडी दुसऱ्यासाठी, अशी वाटणी त्यालाच करू द्या. खर्चाचे पैसे त्याने एकाच संध्याकाळी उडवले तरी पुन्हा भरून देऊ नका. घरकाम करणाऱ्या मावशींची मुले शीरखुर्मा प्यायला आली, तर आपल्या मुलांइतकीच ईदी त्यांच्याही हातावर ठेवा. मुले नोटा मोजतात, तसे आपल्यालाही मोजत असतात.