कुशीवर पडलेलं लूना २३

शुक्ल चतुर्थीच्या चंद्रकोरीकडे रायपुरातल्या एखाद्या गच्चीवरून साधी दुर्बीण रोखली, तरी कोरीच्या पोटात एक लंबगोल काळसर डाग दिसतो. हा मारे क्रिसियम. सोव्हिएत यानांना हे मैदान फारसं लाभलं नाही. २१ जुलै १९६९ रोजी, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच, माती आणायला गेलेलं लूना १५ इथे आदळलं. ती हकीकत सगळेच सांगतात. लूना २३ला मात्र कुणी विचारत नाही, आणि खरं तर बघण्यासारखं यंत्र तेच होतं.

माणसाविना माती आणणं लूना १६ (१९७०) आणि लूना २० (१९७२) यांनी करून दाखवलं होतं. पण त्यांची मजल जेमतेम दीड वीत खोलीपर्यंत. २८ ऑक्टोबर १९७४ रोजी निघालेल्या लूना २३च्या ड्रिलला अडीच मीटरपर्यंत जायचं होतं. निघालेली माती लवचीक नळीत भरायची आणि नळी रिळावर गुंडाळायची, म्हणजे वरचा थर कुठला नि खालचा कुठला, हा क्रम मोडत नाही.

परतीची युक्ती तर फारच काटकसरीची. उतरण्याची जागाच अशी निवडलेली, की तिथून सरळ वर उडालं की पृथ्वी गाठता यावी. वाटेत दिशा सुधारायची सोय नाही, आणि गरजही नाही. फक्त यान उभं हवं.

६ नोव्हेंबरला ते उतरलं. संदेश येत होते, पण ड्रिल चालेना. तीन दिवसांनी संपर्कही तुटला. उतरतानाच्या धक्क्यात ड्रिल मोडलं, एवढंच तेव्हा कळलं. खरा प्रकार उघड झाला २०१२मध्ये: नासाच्या लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरने टिपलेल्या छायाचित्रांत यान कुशीवर पडलेलं होतं, परतीचा टप्पा तसाच जोडलेला.

१९७५मधला पुढचा प्रयत्न उड्डाणातच फसला. तरी सोव्हिएत अभियंत्यांनी मैदान बदललं नाही. ऑगस्ट १९७६मध्ये लूना २४ हे लूना २३पासून दोन-अडीच किलोमीटरवर उतरलं आणि १७० ग्रॅम माती घेऊन सैबेरियात परतलं. त्या मातीत पाण्याचा अंश असल्याचं सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७८मध्ये छापलं, पण बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

चंद्राची माती आणण्यासाठी सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या भारताच्या चांद्रयान-४मध्ये लूनासारखी थेट घराकडे झेप नाही. मातीचा डबा आधी चंद्राच्या कक्षेत दुसऱ्या भागाकडे सोपवायचा आहे. उडणाऱ्या भागाला खाली उभं राहणं मात्र तिथेही चुकलेलं नाही.